पलीकडची नोकरी

इतवारा, बुऱ्हाणपूर
कोजागरीच्या आदल्या दिवशी, १९५२

प्रिय गिरधर,

तुला अनेक आशीर्वाद. तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. तुला उत्तर द्यायला मी एवढा उशीर कधी लावत नाही. पण रोज दौत काढून बसायचं, दोन ओळी लिहायच्या आणि कागद चुलीत सारायचा, असं चाललं होतं. आज तुझे आबा बाहेर पडल्याबरोबर दाराला आतून कडी घालून बसले आहे. दिवस मावळायच्या आत पत्र पुरं करून स्वतःच्या हाताने स्टेशनावरच्या पेटीत टाकणार आहे. घाई करू नकोस वाचताना. मला माझ्या चालीने सांगू दे.

गल्लीची खुशाली म्हणशील तर गोदाबाईच्या धाकटीचं लग्न ठरलं, स्थळ खंडव्याचं आहे. केळीला यंदा भाव बरा आहे, स्टेशनावर घडांच्या गाड्यांनी वाट मिळत नाही. निंबाकाकांनी दोन्ही माग मोडीत काढले आणि आता ते जिनिंगमध्ये काट्यावर बसतात. परवा बाजारात भेटले. तुझी चौकशी केली, माझ्या गुडघ्यांची केली. आबांची केली नाही. सख्खा चुलतभाऊ, एका ताटात जेवलेला माणूस. मी मुद्दाम म्हटलं, तुमचे भाऊ बरे आहेत. तर ते माझ्याकडे असे बघत राहिले की मीच विषय बदलला.

आबा कसे आले, कसे राहिले, ते तुला मी नीट कधी सांगितलं नाही. तू तेव्हा इटारसीला नवा होतास, तुझ्या जिवाला घोर नको म्हणून. आज सगळं सांगते. इंदूरचं संस्थान मध्यभारतात गेलं, आणि मग संस्थानाची फौज दिल्लीच्या फौजेत मिळवायची ठरली. तरणे घेतले, बाकीच्यांना घरी पाठवलं. आबांच्या पायात लढाईतली जखम. डॉक्टरने चालून दाखव म्हटलं, हे चालले, आणि तिथेच नापास झाले. तरी पेन्शन बसेल असं त्यांना वाटत होतं. पण तुझ्या आजीला अर्धांगाचा झटका आला तेव्हा फौजेतून नाव कमी करून ते घरी आले होते, आठवतं का? तिची सेवा केली आणि ती गेल्यावर पुन्हा भरती झाले. नव्या हिशेबात त्याच्या आधीची सगळी नोकरी गळाली. उरलेल्या नोकरीवर पेन्शन मिळत नव्हती. एकरकमी काय ती रक्कम, एक लोखंडी ट्रंक आणि घरापर्यंतचं तिकीट, एवढं घेऊन ते गेल्या वर्षी चैत्रात दारात उभे राहिले. दोन्ही टाचा जुळवून, जसं काही मी त्यांची साहेब आहे.

फौजेने त्या माणसाला काय काय शिकवलं होतं. बंदूक डोळे मिटून उघडता-जोडता यायची. पण पैसा नावाच्या गोष्टीशी त्यांची ओळखच नव्हती रे. बूट फाटला की दुसरा मिळायचा, जेवणाची घंटा झाली की ताट समोर यायचं. मनिऑर्डर घरी पाठवायची, की आपलं कर्तव्य संपलं. आल्यावर पहिल्याच आठवड्यात घासलेट संपलं म्हटल्यावर, ते विकत आणावं लागतं याचंच त्यांना नवल वाटलं. मी म्हटलं होतं, रक्कम पोस्टात ठेवू, थोडी थोडी काढू. पण सगळे नातलग एकदम हुशार झाले होते. धूलकोटहून थोरले काका आले, म्हणाले विहीर खणू. निंबाकाका म्हणाले, भाऊ, या गावात ज्याच्याकडे विजेचा माग तो राजा. आबांना माग आवडले, कारण ते कवायतीसारखे चालतात. तेच म्हणाले तसं. सगळी रक्कम त्यात गेली. दिवाळीपर्यंत माग खडखडले आणि मग सूत मिळेना. सरकारी कोट्याचं सूत येईल, येईल म्हणत पौष उजाडला. माग गप्प, शेडचं भाडं चालू. निंबाकाकांनी लबाडी केली असं मी म्हणणार नाही, तेही बुडालेच.

मग आबांनी अर्ज केले. इंदूर म्हणे ग्वाल्हेरला लिहा, ग्वाल्हेर म्हणे दिल्लीला. ज्या फौजेने नोकरी दिली तीच उरली नव्हती, तर दाद मागायची कोणाकडे? मिलमध्ये पहारेकऱ्याची जागा निघाली, तिथेही पाय आडवा आला. तेव्हापासून त्यांनी बोलणं कमी केलं. पहाटे उठायचे, दाढी करायची, अंथरुणाची घडी अशी की कडेला बोट कापावं, आणि मग ओट्यावर ताठ बसून रस्त्याकडे बघायचं. कोणाची वाट बघता असं मी एकदा विचारलं. म्हणाले, हुकमाची.

शिमग्याच्या आधीची गोष्ट. भर दुपार होती. मी गच्चीवर कुरडया वाळत घातल्या होत्या आणि कावळे हाकत बसले होते. ऊन असं की गल्लीत कुत्रंसुद्धा नाही. खाली आबांचा आवाज आला, खणखणीत, कितीतरी दिवसांनी ऐकला तसा. “जी हुजूर. हाजिर आहे.” मी कठड्यावरून वाकून पाहिलं. आबा ओट्याखाली उतरून उभे होते, हात मांड्यांना चिकटलेले, मान वर. समोर कोणी नव्हतं. समोर नुसतं ऊन होतं. थोडा वेळ ते ऐकत राहिले, मान हलवत राहिले, मग त्यांनी सलाम ठोकला आणि सलाम घेणारा वळून निघून जावा तशी त्यांची नजर गल्लीच्या टोकापर्यंत गेली. मी धावत खाली आले. आबा हसत होते. म्हणाले, बोलावणं आलं, उद्यापासून पहाऱ्यावर जायचंय, नदीपलीकडे.

मी विचारलं, कोणाचा पहारा, कोणती फौज? म्हणाले, फौज म्हणजे फौज. त्यांचा चेहरा इतका सुखावला होता की मला पुढे विचारवलं नाही. मनाशी म्हटलं, उन्हाचा चटका असेल, उतरेल. नाही उतरला. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता ते तापीच्या राजघाटाकडे गेले आणि दिवेलागणीला परत आले. रोज तसंच. महिना भरला तेव्हा रुमालाची गाठ सोडून त्यांनी पगार माझ्यापुढे ठेवला. राजाछाप रुपये, चांदीचे. गिरधर, मी ते घेतले. घरात तांदूळ नव्हता आणि घरमालक दोनदा येऊन गेला होता. पलीकडे कोणा बागायतदाराने राखणीला ठेवलं असेल, अशी मी माझी समजूत घातली आणि त्या रात्री देवापुढे साखर ठेवली.

दुसऱ्या महिन्याचे रुपये राणीछाप होते. तिसऱ्या महिन्याला आले ते इंदुरी, सूर्याचा चेहरा असलेले. वाणी ते घेईना, म्हणून मी सराफ्यात अनंत सराफांकडे गेले. त्यांनी वजन करून चांदीचा भाव दिला, हसून म्हणाले, वहिनी, कुठे हंडा सापडला की काय. त्याच्या पुढच्या वेळी मात्र ते हसले नाहीत. नाण्यावर फारसी अक्षरं होती. त्यांनी भिंग लावून बराच वेळ पाहिलं. म्हणाले, हे आपल्याच गावच्या टांकसाळीतलं आहे, बादशहाच्या वेळचं. इतकी वर्षं जमिनीत राहिलेलं नाणं झिजतं, काळं पडतं. याच्या कडा बोटाला लागताहेत. हे काल पाडल्यासारखं आहे. पैसे त्यांनी दिले, पण नाणं हाताने उचललं नाही, चिमट्याने डबीत टाकलं.

या सगळ्या काळात आबा सुधारत होते. हे तुला कसं सांगू? माणूस खचत गेला असता तर मी वैद्याकडे नेला असता. इथे उलटं होतं. अंगावर मांस आलं, पाठ रुंद झाली, कानापाशी पिकलेले केस काळे झाले. घरी ते जेवेनासे झाले होते, म्हणायचे लंगरमध्ये जेवलो, आणि खरंच त्यांच्या मिशीला पीठ लागलेलं असायचं. लंगडणं कधी थांबलं ते माझ्या लक्षातही आलं नाही. वैशाखात एका संध्याकाळी मी त्यांच्या पायांना तेल लावत होते. लढाईहून आल्यापासून दर उन्हाळ्यात लावते. डाव्या पोटरीवर ती जखम, मधे खळगा आणि कडेला गाठी, माझ्या हाताला न बघता सापडायची. त्या दिवशी हात सरळ घसरत खाली आला. मला वाटलं दुसरा पाय. तोही पाहिला. दिवा जवळ आणला. कातडी सपाट होती, जशी कधी काही लागलंच नव्हतं. मी विचारलं, अहो, तुमची गोळी लागलेली जागा कुठे गेली? ते म्हणाले, कसली गोळी?

त्यांना लढाई आठवत नव्हती. माग तर त्याच्या आधीच विसरले होते. निंबाकाकांशी बुडालेला धंदा, नापास करणारा डॉक्टर, अर्ज, सगळं पुसलं होतं, आणि खरं सांगते, मला त्याचं बरंच वाटलं होतं. त्या आठवणींनी त्यांना पोखरलं होतं. पण विसरणं तिथे थांबलं नाही. आजीचं आजारपण गेलं. मग एकदा मी म्हटलं, गिरधरचं पत्र आलंय, वाचून दाखवू का. ते विनयाने हो म्हणाले. शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, चांगला मुलगा दिसतो, कोणाचा आहे?

श्रावणात तापीला पूर आला. तुला माहीत आहे ती कशी येते, पायऱ्या गिळत. नावा बंद झाल्या. मला वाटलं, आता तरी खाडा होईल. आबा नेहमीसारखे गेले आणि नेहमीसारखे परत आले. मी घाटावर जाऊन नावाड्याला विचारलं. तो म्हणाला, पाणी उतरेपर्यंत मी दोर सोडलेला नाही. शिवाय तुमच्या मालकांना मी कधीच पलीकडे नेलेलं नाही, कोरड्या दिवसांतही नाही. त्या संध्याकाळी मी दारातच थांबले. पावसाची झोड चालली होती, गल्लीतून ओढा वाहत होता. आबा आले. धोतराला थेंब नाही. पायांना धूळ होती, गिरधर. पांढरी, कोरडी, जेठातल्या वाटेवरची असते तशी. त्यांनी ओट्यावर पाय झटकले, तेव्हा ती उडाली आणि मला ठसका लागला. मी ती केरसुणीने गोळा केली आणि सुपात घेऊन कितीतरी वेळ बघत बसले.

गल्लीतले लोक सुरुवातीला म्हणायचे, हवालदारांना नोकरी मानवली. मग म्हणेनासे झाले. मग त्यांच्याकडे बघेनासे झाले. आबा समोरून जायचे आणि ओट्यावरची माणसं बोलत राहायची, नजर हलायची नाही. गौरीच्या हळदीकुंकवाचं बोलावणं मला आलं नाही. मी समजले, चुकून राहिलं असेल. नवरात्रातही आलं नाही. गोदाबाई, जिने माझ्याबरोबर वीस वर्षं वाण लुटलं, ती त्या दिवशी मागच्या दाराने माझ्यासाठी प्रसाद घेऊन आली आणि माझ्या कपाळावरच्या कुंकवाकडे बघून तिने मान खाली घातली. माझ्या गळ्यात मंगळसूत्र आहे, माझा नवरा रोज संध्याकाळी त्याच दाराशी येतो, आणि माझी गल्ली मला विधवा समजते.

पण मी जरा पुढे गेले. गौरी-गणपती झाल्यावर पाणी उतरलं, तेव्हा मी ठरवलं होतं की एकदा ही नोकरी बघून यायची. एकटीने जाववेना, म्हणून गोदाबाईला सोबत घेतलं, पलीकडे औषधाचा पाला आणायचा म्हणून. दुपारच्या नावेने गेलो. जैनाबादच्या वाटेने न जाता कपाशीच्या शेतांतून बरंच आत गेलं की एक दगडी दरवाजा लागतो. नुसता दरवाजा. दोन्ही बाजूंना भिंत नाही, किल्ला नाही, घर नाही. शेतकरी औत वळवून नेतात, एवढंच. आतून बघितलं तर पलीकडची कपाशी दिसते आणि बांधावर बसलेला बगळा दिसतो.

दरवाज्याच्या उजव्या हाताला आबा उभे होते. सकाळी मी दिलेला सदरा अंगात नव्हता, कसला तरी लांब अंगरखा होता, कमरेला शेला. मी बोहल्यावर पाहिला होता तोच चेहरा, त्याहूनही कोवळा. मी गोदाबाईला म्हटलं, बघ. ती म्हणाली, काय बघू? ती त्यांच्या अंगावरून पलीकडे बघत होती. म्हणाली, ऊन लागलंय तुला, चल परत. आणि तेवढ्यात वारा फिरला आणि मला वास आला. शेकडो चुलींवरच्या भाकऱ्यांचा, ओल्या चामड्याचा, घोड्यांच्या घामाचा, लिदीचा. मोठा तळ पडला की येतो तसा. वास त्या दरवाज्यातून येत होता. पलीकडे बगळा होता आणि कपाशी होती.

मी चार पावलं पुढे गेले. आबांनी हातातलं कसलं तरी लांब हत्यार आडवं धरलं आणि ओरडले, “हुकुमदार!” फौजेत पहाऱ्यावरचा माणूस अनोळखी माणसाला असं अडवतो, हे त्यांनीच मला लग्नानंतर हसत हसत सांगितलं होतं. मी थांबले. डोळ्यांत ओळख नव्हती. रागही नव्हता. त्यांनी पुन्हा विचारलं, कोण आहेस, सांग. आता तूच सांग, मी काय सांगायचं? त्यांची बायको म्हणून सांगायचं तर त्यांचं नाव घ्यायला हवं, आणि ते माझ्या तोंडून कधी निघालेलं नाही. माझं स्वतःचं नाव तर वर्षानुवर्षं कोणी हाकारलेलं नाही. बाईला कोणी विचारलं तर ती जे सांगते तेच मी सांगितलं.

“गिरधरची आई.”

आबांनी मान वळवली आणि दरवाज्याच्या पोकळीत तोंड करून पुकारलं, “गिरधर!” आतून दुसऱ्या कोणी तरी ते उचललं, गिरधर. त्याच्या मागून तिसऱ्याने, आणखी लांबून. मग आणखी लांबून. वेगवेगळे गळे होते, कोणी म्हातारा, कोणी पोरसवदा, बोलण्याची ढबही निराळी निराळी. विटा हातोहात जातात तसं तुझं नाव तोंडोतोंड आत आत जात राहिलं. मी कान झाकले तरी ते ऐकू येत होतं. शेवटी विहिरीच्या तळातून यावं इतकं बारीक झालं आणि थांबलं. कोणीतरी ते घेतलं, आणि पुढे दिलं नाही. बगळा तसाच बसला होता. गोदाबाई माझा दंड ओढत होती.

त्यानंतर दसऱ्याला आबांनी पगार आणला तेव्हा रुमालाला दोन गाठी होत्या. एक त्यांनी माझ्यापुढे सोडली. दुसरी देवळीत नेऊन ठेवली. मी विचारलं, हे कोणाचे? म्हणाले, नव्या जवानाची आगाऊ रक्कम आहे, तो आला की त्याच्या हातात द्यायची. “गिरधर म्हणून कोणी आहे. उंचापुरा आहे म्हणतात, रेल्वेत आहे. तू ओळखतेस का?”

मी म्हटलं, “नाही.”

पोटच्या पोराला नाही म्हणताना माझी जीभ जड झाली नाही, ती नंतर झाली. दुसऱ्या दिवशी ती गाठ मी राजघाटावरून धारेत फेकली. घरी आले तर देवळीत होती, रुमाल कोरडा. आणखी एकदा फेकली. आता फेकत नाही. तिला हातही लावत नाही. देवळीतला दिवाही मी आता दुसरीकडे लावते.

तू म्हणशील, आई, निघून का नाही येत? आले असते. पण ते अजून घरी येतात रे. दिवेलागणीला येतात, बाहेर उभे राहून पाणी मागतात. परवापासून मला मावशी म्हणतात. त्यांच्या लेखी मी वाटेवरच्या गावातली कोणी बाई आहे, परक्या शिपायाला ओट्यावर बसू देणारी. काल म्हणाले, मावशी, तुझ्या विहिरीचं पाणी आमच्या गावच्यासारखं लागतं. मी विचारलं, कुठलं गाव तुमचं, तर बराच वेळ आठवत बसले. ज्या माणसाला परत यायला एक दार उरलं आहे, त्याचं ते दार मी बंद करणार नाही. पगार बंद झाला तरी चालेल. मी पुन्हा पापड लाटायला घेतले आहेत, भागतं माझं.

आता तुझ्या पत्राकडे येते. तू लिहिलंस की बुऱ्हाणपूरला बदली मागितली होती ती मंजूर झाली, दिवाळीनंतर येतोस. गेल्या वर्षी हे पत्र आलं असतं तर मी गल्लीत पेढे वाटले असते. पण पुढची ओळ तू अशी लिहिलीस, आई, इतकी वर्षं तू एकटीने काढलीस, आता मी येतो. एकटीने. आधीच्या प्रत्येक पत्रात तू आबांना नमस्कार लिहायचास, या पत्रात कुठेही नाही. मी चार वेळा उलटून पाहिलं. म्हणून मी हे सगळं पहिल्यापासून लिहिलं, त्यांचा पाय, त्यांचे माग, त्यांचा ओटा. तुझ्या वडिलांचं नाव चुडामण. मी आयुष्यात पहिल्यांदा लिहिते आहे, देव मला क्षमा करो. चुडामण. तू त्यांच्या खांद्यावर बसून इंदूरची परेड पाहिली होतीस. हे नाव रोज एकदा मोठ्याने घे, तुझ्या खोलीत, दार लावून. आणि बदली आजच्या आज रद्द कर. साहेबाच्या पाया पड, काहीही कारण सांग, पण इटारसी सोडून इकडे येऊ नकोस. भर दुपारी तुझ्या दाराशी कोणी बोलवायला आलं तर ओ देऊ नकोस, आवाज आबांचा असला तरी. तुला बघायची इच्छा मला होणार नाही असं नाही, पण ती मी गिळीन. मी आजारी पडले तरी तुला तार करणार नाही. मरायला टेकले तरी गोदाबाईला करू देणार नाही, तिच्याकडून तशी शपथ घेतली आहे. तेव्हा आई आजारी आहे, ताबडतोब निघ, अशी तार कधी आली, तर ती कोणी केली ते तुला कळेल.

तुझीच,
आई